वाळवंटात जिओड खणायला जाताय? वायलीज वेलची एका दिवसाची सहल

लॉस एंजेलिस, ऑरेंज काउंटी किंवा फीनिक्सकडे राहणाऱ्यांना हिवाळ्यातल्या एखाद्या शनिवारी चार-सहा मित्र जमवून ही सहल सहज करता येते. ठिकाण आहे कॅलिफोर्नियाच्या आग्नेय टोकाला, ब्लाइथ गावाच्या पश्चिमेकडचा वायलीज वेल परिसर आणि तिथले हाउझर जिओड बेड्स, म्हणजे आत स्फटिक वाढलेल्या दगडी गोळ्यांचे थर. जोएल हाउझर यांना १९३० च्या दशकात हे थर सापडले. तेव्हापासून हौशी लोक तिथे खणतायत आणि माल अजून संपलेला नाही. पण वाटेवर पडलेलं काही मिळेल या आशेने जाऊ नका. वरवरचं केव्हाच उचललं गेलंय, आता खणावंच लागतं.

पहिल्यांदा जाणाऱ्यांची सहल फसते ती बहुधा खणण्यात कमी पडल्यामुळे नव्हे, तर वेळेचा हिशेब चुकल्यामुळे. त्यामुळे सुरुवात तिथूनच.

हातात किती तास असतात?

लॉस एंजेलिसपासून इंटरस्टेट १० वरचा वायलीज वेल रोडचा एक्झिट सुमारे २१० मैलांवर आहे. वाटेत एक थांबा धरला तर चार तास. फीनिक्सहून अडीच तासांत पोचता येतं. हायवे सोडल्यावर कच्च्या रस्त्याने खणायच्या जागेपर्यंत आणखी तास धरा. डिसेंबरात तिथे पावणेपाचच्या आत सूर्य मावळतो आणि अंधारात या वाटा ओळखू येत नाहीत, सगळे फाटे सारखेच दिसतात. म्हणजे पहाटे ५ ला निघालात तर १० ला जागेवर, अडीचला आवराआवर, ३ ला गाड्या सुरू आणि उजेड असेपर्यंत डांबरी रस्ता. खणायला मिळतात जेमतेम साडेचार तास. त्यातलं जेवण, पाणी, बसणं-उठणं वजा करा.

या साडेचार तासांत दोन ठिकाणं करायचा मोह टाळा. ‘जाता जाता तेही बघून येऊ’ म्हणणारा एक जण प्रत्येक ग्रुपमध्ये असतोच, त्याला आदल्या दिवशीच समजावून ठेवा. निघायची वेळही आधीच ठरवा आणि एकाला टाइमकीपर नेमा. जिओड लागायला लागले की कुणालाच घड्याळ बघावंसं वाटत नाही.

फीनिक्सचे आणि लॉस एंजेलिसचे मित्र एकत्र भेटणार असतील तर वेळ ठरवताना ‘कॅलिफोर्नियाचे नऊ’ असं स्पष्ट म्हणा. हिवाळ्यात ॲरिझोनाचं घड्याळ एक तास पुढे असतं आणि राज्यांची सीमा जवळ असल्याने ब्लाइथच्या आसपास फोन कधी या तर कधी त्या टॉवरची वेळ दाखवतो.

हंगाम नोव्हेंबर ते मार्च. एप्रिलच्या अखेरीपासून ऊन असह्य होतं आणि उन्हाळ्यात तापमान ४५ अंश सेल्सियसच्या वर जातं. उन्हाळ्यात जायचा विचारही नको.

जिओड असतो तरी कसा?

सह्याद्रीत वाढलेल्यांना गारगोटी नवी नाही. सिन्नरच्या गारगोटी संग्रहालयातले झिओलाइट किंवा वाघोलीच्या खाणीतला निळा कॅव्हनसाइट पाहिला असेल, तर दगडाच्या पोकळीत स्फटिक वाढतात हेही ठाऊक असेल. दख्खनचा बेसॉल्ट पातळ लाव्ह्याचा. त्यात अडकलेल्या वायूच्या बुडबुड्यांत हे स्फटिक तयार झाले. हाउझरचा लाव्हा मात्र रायोलाइट जातीचा आहे, सिलिका भरपूर असलेला आणि घट्ट. तो काचेसारखा गोठताना त्यात कठीण गोळे तयार झाले आणि वायूच्या दाबाने काही गोळे आतून फाकले. पुढे झिरपणाऱ्या पाण्यातली सिलिका त्या फटींत साचली. आधी भिंतीला चाल्सिडनीचे, म्हणजे अकिकाच्या जातीचे पट्टे चढले आणि जागा उरली असेल तर मधे क्वार्ट्झचे स्फटिक वाढले. भोवतालचा काचेसारखा दगड काळाच्या ओघात कुजून राखेसारखा भुसभुशीत झाला, गोळे तेवढे टिकले.

याचा उपयोग खणताना होतो. घाटातल्या सवयीने काळा कातळ शोधू नका. इथे नजर टाकायची ती फिकट राखाडी, पांढुरक्या, हाताने कुस्करता येणाऱ्या थरावर. कठीण तपकिरी खडकात घाम गाळण्यात अर्थ नाही.

निघण्यापूर्वी कायद्याचं

ही जमीन केंद्र सरकारच्या ब्युरो ऑफ लँड मॅनेजमेंटकडे, म्हणजे बीएलएमकडे आहे. हौसेपुरते, वाजवी प्रमाणात, विक्रीसाठी नव्हे अशा बोलीवर दगड गोळा करायला तिथे परवाना किंवा शुल्क लागत नाही. अवजारं हाताचीच हवीत. जनरेटरवर चालणारा ब्रेकर किंवा छोटा एक्स्कॅव्हेटर नेता येत नाही. अश्मीभूत लाकूड मिळालं तर त्याची मर्यादा स्पष्ट आहे: माणशी दिवसाला २५ पौंड आणि वर एक तुकडा, वर्षाला २५० पौंड. बाकी दगडांनाही हाच अंदाज लावलात तर वाद उद्भवत नाही. २५ पौंड म्हणजे साधारण ११ किलो, आणि घरी गेल्यावर कळतं की तेवढेही ठेवायला जागा नसते.

जानेवारी २०२५ मध्ये या भागात चकवाला नॅशनल मॉन्युमेंट हे संरक्षित क्षेत्र घोषित झालं. त्याच्या हद्दी आणि नियम जुन्या पुस्तकांत किंवा जुन्या व्हिडिओंत सापडणार नाहीत. जायच्या आठवड्यात बीएलएमच्या स्थानिक कार्यालयाला फोन करून ‘हाउझर बेड्सला हौशी खोदाई चालू आहे का, कुठला भाग बंद आहे का’ एवढे दोन प्रश्न विचारा. पाच मिनिटांचं काम आहे. आसपासच्या पालो व्हर्डे माउंटन्स आणि लिटल चकवाला माउंटन्स या वाइल्डरनेस क्षेत्रांत गाडी नेता येत नाही, हद्दीवर उभ्या पट्ट्यांसारख्या तपकिरी खुणा असतात.

दुसरी गोष्ट खाणहक्काची. सरकारी जमिनीवरही एखाद्याने खनिजांचा क्लेम घेतलेला असू शकतो. तिथला दगड त्याचा. कोपऱ्यांवर लाकडी खुंट किंवा पांढरे पाइप उभे केलेले, किंवा दगडांची रास करून त्यात डबीत कागद ठेवलेला दिसला की तिथे खणू नका. बीएलएमच्या एमएलआरएस या ऑनलाइन नोंदवहीत नकाशावर क्लेम आधीही पाहता येतात.

बाणाची टोकं, पाट्यासारखे दळायचे दगड, चित्रं कोरलेले खडक, जुन्या वस्त्यांचे अवशेष यांना हात लावू नका. शंभर वर्षांहून जुन्या मानवी वस्तूंना १९७९ च्या कायद्याने संरक्षण आहे आणि दंड जबर आहे. पाठीचा कणा असलेल्या प्राण्यांची जीवाश्म हाडंही परवान्याशिवाय उचलता येत नाहीत. वाटेत लागणाऱ्या जोशुआ ट्री नॅशनल पार्कमधून तर एक खडासुद्धा आणायचा नाही.

गाडी आणि रस्ता

पश्चिमेकडून येताना शेवटचं भरवशाचं पेट्रोल चिरियाको समिटला. तिथे टाकी भरा. पूर्वेकडून येणाऱ्यांनी ब्लाइथला भरावं. वायलीज वेल रोडच्या एक्झिटलाच हायवेचं विश्रांतिस्थळ आहे, तिथे स्वच्छतागृह वापरून घ्या आणि सगळ्या गाड्या एकत्र झाल्याशिवाय पुढे सरकू नका.

रस्ता दक्षिणेकडे जातो. आधी डांबरी, मग राज्याच्या तुरुंगाचा फाटा मागे पडल्यावर कच्चा. सुमारे ९ मैलांवर वायलीज वेल कॅम्पग्राउंड लागतं आणि तिथेच ब्रॅडशॉ ट्रेल ही जुनी वाट आडवी जाते. आणखी ३ मैलांवर कून हॉलो कॅम्पग्राउंड. इथवरचा रस्ता कोरड्या हवेत साध्या गाडीनेही होतो. हाउझरची वाट कून हॉलो ओलांडल्यावर पश्चिमेला फुटते आणि तिथून पुढे वाळू, दगड आणि ओढ्यांची कोरडी पात्रं आहेत. उंच तळाची गाडी हवी, फोर-व्हील ड्राइव्ह असेल तर उत्तम. ग्रुपमध्ये कुणाची कॅमरी किंवा टेस्ला असेल तर ती कॅम्पग्राउंडवर लावून मंडळींनी दुसऱ्या गाडीत दाटीवाटीने बसावं. फाट्यावर पाटी असेलच असं धरू नका. बीएलएमचा नकाशा आणि जागेचे अक्षांश-रेखांश ऑफलाइन ॲपमध्ये आदल्या रात्री उतरवून घ्या, तिथे रेंज नसते. साध्या नॅव्हिगेशनवर विसंबलात तर ते वाहून गेलेल्या वाटेवरही बिनदिक्कत नेतं.

गाड्या कमीत कमी दोन. एक रुतली तर दुसरी हवीच.

वाळूत चाकं रुततात ती हवा जास्त आणि टेकण कमी असल्यामुळे. मऊ भाग सुरू होण्याआधीच टायर ३५ वरून २० पीएसआयपर्यंत उतरवा. रुतलात तर ॲक्सिलरेटर दाबू नका. चाक जेवढं गरगरतं तेवढं खाली जातं आणि शेवटी गाडीचा तळ वाळूवर टेकतो, मग खरी पंचाईत. उतरा, चाकांच्या पुढची वाळू फावड्याने उतार करून काढा, रबरी मॅट चाकाखाली सरकवा, हवा आणखी दोन-तीन पीएसआय कमी करा, बाकीच्यांनी मागून ढकला आणि हळूच पुढे घ्या. परत डांबरी रस्त्यावर चढण्याआधी हवा पुन्हा भरायची, त्यामुळे सिगारेट लायटरवर किंवा बॅटरीवर चालणारा कॉम्प्रेसर लागतो. कमी हवेवर हायवेच्या वेगाने गेलं तर टायर तापून फुटतो. जॅकखाली ठेवायला फूटभर रुंद लाकडी फळी घ्या, नाहीतर जॅकच वाळूत उतरतो. स्पेअर टायरची हवा घरीच तपासा.

गाडी कोरड्या ओढ्याच्या पात्रात लावू नका. वर आभाळ निरभ्र असताना वीस मैलांवरच्या डोंगरात पडलेल्या पावसाचा लोंढा इथे येतो.

सामान

चार जणांच्या ग्रुपला अवजारं मोजकीच पुरतात: एक टिकाव, एक लांब दांड्याचं फावडं, तीन-चार फुटी पहार, ३ पौंडी हातोडा, दोन छिन्न्या, प्रत्येकी एक हातखुरपं आणि ५ गॅलनच्या दोन-तीन बादल्या. भूवैज्ञानिकाचा टोकदार हातोडा असेल तर छान, पण मुद्दाम विकत घ्यायची गरज नाही, पहिल्या सहलीत टिकाव आणि खुरप्यावर भागतं. सुताराचा हातोडा मात्र घरीच ठेवा. त्याचं पोलाद दगडावर आपटायच्या हिशेबाने बनवलेलं नसतं आणि त्याची कपची उडून डोळ्यात जाते. याच कारणासाठी एका हातोड्यावर दुसरा हातोडा मारायचा नाही. छिन्नीवर मारायचा.

अंगावर पुढचं हवंच: सर्व बाजूंनी बंद असलेला गॉगल, चामडी हातमोजे, पूर्ण बाह्यांचा शर्ट, जाड तळाचे बूट, रुंद काठाची टोपी, आणि एन-९५ मास्क. मास्कची थट्टा होते, पण त्याला दोन कारणं आहेत. एक म्हणजे सिलिकाची धूळ. दुसरं व्हॅली फीवर: दक्षिण कॅलिफोर्निया आणि ॲरिझोनाच्या मातीत कॉक्सिडिऑइड्स नावाची बुरशी असते, तिचे बीजाणू धुळीतून फुप्फुसात जातात. बहुतेकांना काहीच होत नाही, पण मधुमेही, गरोदर स्त्रिया आणि प्रतिकारशक्ती कमी असलेल्यांना त्रास गंभीर होऊ शकतो. अशांनी खड्ड्यापासून लांब, वाऱ्याच्या वरच्या अंगाला बसावं. परतल्यावर एक ते तीन आठवड्यांत ताप, खोकला, थकवा आला तर डॉक्टरांना ‘वाळवंटात माती खणली होती’ हे आवर्जून सांगा, नाहीतर साधा न्यूमोनिया समजून भलतीच औषधं चालू होतात.

पाणी माणशी एक गॅलन आणि प्रत्येक गाडीत वेगळं ५ गॅलन राखीव. वाटेत पाण्याची सोय नाही. खणताना नुसतं पाणी पीत राहिलं तर मीठ कमी पडून डोकं दुखतं, म्हणून लिंबू सरबत मीठ-साखर घालून बाटल्यांत न्या. जेवणाला दशम्या, कोरडी चटणी, चिवडा, उकडलेले बटाटे बरे. डब्यात रस्सा-भात नेला की वाऱ्याने त्यात वाळू पडलीच म्हणून समजा.

शिवाय नख-चिमटा आणि मोठ्या दातांची साधी फणी. चोया निवडुंगाचा काटेरी गोळा कपड्याला किंवा पोटरीला चिकटतो, हाताने काढायला गेलं की हाताला चिकटतो. फणी काटे आणि कातडी यांच्यामध्ये सरकवायची आणि एका झटक्यात दूर उडवायचा, समोर कुणी नाही हे बघून.

भारतातून आई-बाबा आलेले असतील आणि त्यांना न्यायचं असेल तर कॅम्प खुर्च्या, सावलीचा तंबू आणि एक गाडी पूर्ण वेळ त्यांच्याजवळ, असा बेत करा. शौचालय फक्त कॅम्पग्राउंडवर आहे, तिथून खणायच्या जागेपर्यंतचा रस्ता हाडं खिळखिळी करणारा, हे त्यांना आधी सांगून ठेवा. इतरांनी उघड्यावर जायची वेळ आली तर ओढ्यापासून २०० फूट दूर, ६ इंच खोल खड्डा, वरून माती, आणि कागद पिशवीत बंद करून परत आणायचा. वाळवंटात तो वर्षानुवर्षं कुजत नाही.

घरी राहिलेल्या एकाकडे चिठ्ठी ठेवा: कुठे जातोय, गाड्यांचे नंबर, कोण कोण आहे, आणि ‘रात्री ८ पर्यंत फोन आला नाही तर ९११ ला कळव’. सॅटेलाइटवरून संदेश पाठवणारं यंत्र असेल तर न्या. आयफोन १४ आणि पुढच्या मॉडेल्समध्ये सॅटेलाइट एसओएस असतं, पण ते कसं चालतं ते घरीच करून बघा. डेमो मोड आहे.

जागेवर पोचल्यावर

उतरताच टिकाव चालवू नका. पंधरा मिनिटं नुसतं फिरा. जुने खड्डे जागोजाग दिसतील. ज्या खड्ड्याभोवती फुटलेल्या जिओडच्या कपच्या, चमचमणारे तुकडे जास्त, तिथला थर चांगला. आधी त्या खड्ड्यांशेजारचे मातीचे ढीग चाळा. मागच्या लोकांनी मातीने माखलेले गोळे ओळखू न आल्यामुळे तसेच फेकलेले असतात. स्प्रेच्या बाटलीने पाणी मारलं की दगड आणि मातीचं ढेकूळ यातला फरक दोन सेकंदांत कळतो. मुलं असतील तर त्यांना हेच काम द्या.

दिसायला हाउझरचा जिओड म्हणजे खडबडीत, मातकट बटाटा. बहुतेक २ ते ४ इंचांचे, क्वचित मोठे. पृष्ठभागावर गाठी, पुटकुळ्या असतात. गुळगुळीत आणि कोनदार तो साधा दगड. एक खरा जिओड हातात घेऊन तो बोटांनी नीट चाचपा, मग पुढचे मातीत नुसत्या स्पर्शानेही ओळखू येतात.

खणायची पद्धत अशी: जुन्या खड्ड्याची एक भिंत निवडा. वरची कठीण, गोट्यांची पापडी पहारीने सैल करून फावड्याने मागे ओढा. खालचा राखाडी थर उघडा पडला की टिकाव बाजूला ठेवा आणि खुरप्याने, वरून खाली, पायऱ्या पाडत उतरा. टिकावाचा एक घाव बसला तर जिओडचे चार तुकडे होतात आणि जिथे एक असतो तिथे आसपास आणखी असतात. गोळा दिसला की त्याच्या चारी बाजूंची माती मोकळी करून मगच उपसा.

नवख्यांच्या हातून सर्रास घडणारी आणि खरोखर जिवावर बेतणारी गोष्ट म्हणजे भिंतीच्या पोटात शिरणं. खालचा थर मऊ असल्याने आडवं खणणं सोपं जातं, जिओडही भराभर निघतात, आणि डोक्यावर आधार नसलेलं मातीचं छत तयार होतं. ते आवाज न करता बसतं. मातीच्या एका घनफुटाचं वजन शंभर पौंडांच्या आसपास असतं, छातीवर दोन-तीन घनफूट पडले तरी श्वास घेता येत नाही. म्हणून नियम सोपा ठेवा: वरून पुढे आलेला भाग दिसला की आधी तो बाहेर उभं राहून पहारीने पाडायचा. खड्डा कमरेपेक्षा खोल नको. कुणी तयार ठेवलेल्या बोगद्यात ‘जरा बघतो’ म्हणूनही जायचं नाही. खड्ड्यात एक असला तर वर एक हवाच.

दोघांत किमान आठ-दहा फूट अंतर ठेवा आणि हातोडा मारण्याआधी मोठ्याने सांगा.

तासभर खणूनही काही लागलं नाही तर जागा बदला. थर सलग नाही, काही ठिकाणी रिकामा आहे. तीन जणांनी तीन वेगळ्या भिंतींवर अर्धा तास चाचपणी करायची आणि जिथे लागलं तिथे सगळ्यांनी यायचं, ही पद्धत एकाच खड्ड्यात चौघांनी घुसण्यापेक्षा बरी. जास्त लोक खणायच्या मूडमध्ये नसतील तर त्यांनी कून हॉलोच्या आसपास फिरून चाल्सिडनी, अकीक, जास्पर वेचावे. त्याला नुसती नजर लागते, पाठ दुखत नाही. सकाळी किंवा दुपारनंतर, सूर्य तिरपा असताना, सूर्याकडे तोंड करून चाललं की अर्धपारदर्शक दगडातून उजेड आरपार येतो आणि तो लगेच उठून दिसतो.

कोणता ठेवायचा?

आकाराच्या मानाने हलका लागला तर आत पोकळी असण्याची शक्यता जास्त. जड असेल तर भरीव, पण भरीव म्हणजे वाईट नव्हे, पट्टेदार अकीक भरीव गोळ्यातच मिळतो. कानाशी धरून हलवून बघायची पद्धत लोकप्रिय आहे, तिच्यावर फार भिस्त ठेवू नका. बरेच गोळे आतून फक्त रायोलाइट असतात, काहींत चिखल. त्यामुळे प्रत्येक ढिगातले दोन-तीन नमुन्यादाखल तिथेच फोडा. तेवढ्यावरून त्या जागेचा माल कसा आहे ते समजतं. बाकीचे न फोडता घरी न्या. हातोड्याने फोडलेला जिओड बहुतेक वेळा वेडावाकडा तुटतो आणि आतले स्फटिक सुटून पडतात.

फोडायचाच असेल तर दगड वाळूने भरलेल्या बादलीत अर्धा रुतवून ठेवा, छिन्नी मध्यावर धरून हलका ठोका द्या, दगड थोडा फिरवा, पुन्हा ठोका. अशी पूर्ण गोल रेघ मारत दोन-तीन फेऱ्या करा. जोर लावू नका. ठोक्याचा टणत्कार जाऊन बद्द आवाज आला की चीर पडली.

आत पांढरं-करडं चाल्सिडनी आणि बारीक क्वार्ट्झ बहुतेक दिसेल, क्वचित फिकट जांभळा ॲमेथिस्ट. स्फटिक क्वार्ट्झ आहेत की कॅल्साइट याची शंका आली तर काचेच्या बाटलीवर ओढून बघा. क्वार्ट्झ काचेवर ओरखडा काढतो, कॅल्साइट काढत नाही.

बादली अर्धीच भरा. ५ गॅलनची बादली दगडांनी काठोकाठ भरली की ती उचलताना पाठ धरते किंवा कडी निसटते.

जे टाळायलाच हवं

दगड उलटताना पलीकडची कड धरून आपल्याकडे उचला. म्हणजे खाली विंचू किंवा साप असला तर मधे दगड राहतो आणि त्याला पलीकडे निसटायला वाट मिळते. हात घालण्याआधी कपारीत पहारीने ठोका. रॅटलस्नेक थंडीत फारसे बाहेर नसतात, पण ऊबदार दुपारी नोव्हेंबरात आणि मार्चमध्ये दिसतात. चावलाच तर घट्ट पट्टी बांधणं, कापणं, चोखणं यातलं काहीही करू नका. अंगठ्या-घड्याळ काढा, हालचाल कमी ठेवा आणि इस्पितळाकडे निघा.

वाळवंटी कासव दिसलं तर लांबून बघा. ही संरक्षित जात आहे. घाबरून ते साठवलेलं पाणी मूत्रावाटे टाकतं आणि पुढे तहानेने मरू शकतं, म्हणून उचलायचं नाही. गाडीच्या सावलीत ते येऊन बसतं, तेव्हा निघताना प्रत्येक गाडीखाली वाकून बघा.

ब्रॅडशॉ ट्रेलच्या दक्षिणेकडे, पश्चिमेला गेल्यावर चॉकलेट माउंटन हवाई तोफखाना सराव क्षेत्राची हद्द लागते. तिथे न फुटलेले बाँब आहेत. पाट्या ओलांडू नका आणि कुठेही विचित्र धातूची वस्तू दिसली तर तिला स्पर्श करू नका, जागा लक्षात ठेवून अधिकाऱ्यांना कळवा. जुन्या खाणींच्या बोगद्यांत आणि उभ्या विहिरींजवळ जाऊ नका.

आवरताना

अडीच वाजता टाइमकीपरने हाक मारायची आणि त्यावर वाद नाही. अर्धा तास यात जातो: खणलेले खड्डे बुजवायचे, निदान कडा उतरत्या करायच्या, म्हणजे माणूस किंवा जनावर पडणार नाही. अवजारं मोजायची. खुरपी हटकून राहतात, त्यांच्या मुठीला आधीच लाल किंवा केशरी टेप गुंडाळून ठेवा. दगड वर्तमानपत्रात गुंडाळून बादलीत, आणि बादल्या मागच्या सीटच्या पायाशी, चाकांच्या धुरांजवळ. डिकीच्या टोकाला सगळं वजन टाकलं की मागचा भाग वाळूत घासतो.

घरी

आधी साधं पाणी, भांडी घासायचा साबण आणि नायलॉनचा ब्रश. चिखल किचनच्या सिंकमध्ये सोडू नका, पाइप तुंबतो. अंगणात बादलीत धुवा. लोहाचे तांबडे डाग राहिले तर ऑक्झॅलिक ॲसिड वापरतात: प्लास्टिकच्या बादलीत लिटरमागे २० ते २५ ग्रॅम, हातमोजे आणि गॉगल घालून, बाहेर मोकळ्या हवेत, दोन-तीन दिवस बुडवून. नंतर खाण्याच्या सोड्याच्या पाण्यातून काढून भरपूर धुवायचं. हे विष आहे, लहान मुलं आणि कुत्री-मांजरं असलेल्या घरात झाकण लावून उंचावर ठेवा, आणि ब्लीचमध्ये कधीही मिसळू नका. कॅल्साइट असलेला नमुना यात घालू नका, तो खराब होतो.

कापून घ्यायचे असतील तर जवळच्या जेम अँड मिनरल सोसायटीत जा. कॅलिफोर्नियात अशा संस्था बऱ्याच आहेत, अनेकांकडे हिऱ्याच्या पात्याची करवत असते आणि सभासद अल्प शुल्कात कापून देतात किंवा शिकवतात. गॅरेजमध्ये कोरड्या अँगल ग्राइंडरने कापायचा प्रयत्न करू नका, त्या धुळीने सिलिकोसिस होतो आणि तो बरा होत नाही.

भारतात भेट म्हणून नेणार असाल तर दगडाला माती चिकटलेली राहू देऊ नका, मातीवर आयात निर्बंध आहेत. आणि २३ किलोच्या बॅगेत पाच-सहाच्या वर दगड टाकू नका, वजनाचा अंदाज हमखास चुकतो.

प्रत्येक नमुन्यावर छोटी चिठ्ठी लावा: हाउझर बेड्स, इम्पीरियल काउंटी, तारीख, आणि कुठल्या खड्ड्यातला याची एक ओळ. पुढच्या हिवाळ्यात कुठला खड्डा चांगला होता हे नाहीतर कुणालाच आठवत नाही.